पसंतीचा क्रम

स्थळं बघताना आपल्याकडची वडीलधारी माणसं एक शहाणपण सांगतात. आपली पायरी ओळखावी आणि होकाराची खात्री असेल तिथंच आधी शब्द टाकावा. २०२५च्या फेब्रुवारीत हेच शहाणपण मी माझ्या भाचीला शिकवायला गेलो. तिनं ऐकलं नाही, हे तिचं नशीब.

भाची इथंच बेळगावात एमबीबीएस झाली. पुढचं शिक्षण अमेरिकेत घ्यायचं तिच्या मनात होतं. तिथं हॉस्पिटलात काम करता करता विशेषज्ञ होण्याच्या शिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. त्यासाठी यूएसएमएलई ही परीक्षा टप्प्याटप्प्यानं द्यावी लागते. पहिल्या टप्प्याला २०२२च्या जानेवारीपासून गुणच देत नाहीत, नुसतं पास की नापास एवढंच कळतं. त्यामुळं सगळा भार दुसऱ्या टप्प्यावर आला. त्यात तेव्हा पास व्हायला २१४ गुण लागत आणि तिथल्या विद्यार्थ्यांची सरासरी २५०च्या आसपास असे. भाचीला पडले २३६. बरं, एकदा पास झालं की गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही. निकालाच्या रात्री पोरगी जेवली नाही. अक्काचा फोन आला, "तू कॉलेजात शिकवतोस ना? तूच समजाव तिला."

समजावण्याआधी मलाच समजून घ्यावं लागलं. गुणांचा उपयोग मुख्यतः मुलाखतीचं बोलावणं मिळवण्यापुरता. एकेका हॉस्पिटलाकडे अर्जांचा ढीग येतो, म्हणून बरीच हॉस्पिटलं गुणांची चाळणी लावतात. त्या चाळणीतून खाली आलात की मग माणूस बघतात. बोलणं कसं आहे, शिफारसपत्रं कुणाची आहेत, तिथल्या हॉस्पिटलात थोडंफार काम केलंय का, हे सगळं विचारात घेतात.

भाचीनं हे ओळखून पावलं टाकली. त्वचारोग, अस्थिरोग अशा चढाओढीच्या शाखांच्या वाटेला ती गेली नाही. परदेशी डॉक्टरांना ज्यांत बऱ्याच जागा मिळतात त्या इंटर्नल मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिन या दोन शाखांत तिनं अर्ज केले. मुलाखती आल्या ७. तिच्याच वर्गातल्या एका हुशार मुलाला २५०च्या वर गुण होते. त्यानं फक्त सर्जरीसाठीच अर्ज केले. त्याला मुलाखती आल्या २.

मुलाखती संपल्या की उमेदवारानं हॉस्पिटलांची पसंतीच्या क्रमानं यादी द्यायची. हॉस्पिटलंही उमेदवारांची तशीच यादी देतात. मग संगणक जोड्या लावतो. यालाच तिकडं 'मॅच' म्हणतात. यादी करायला भाची माझ्याकडे आली. एका विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल तिच्या मनात भरलं होतं. मी म्हटलं, "अगं, २३६ वर ते कशाला घेतील? त्या लहान गावातल्या हॉस्पिटलानं तुझं एवढं कौतुक केलं, तेच पहिलं लिही. उगाच वरचा नंबर वाया घालवू नकोस."

"मामा, वरचा नंबर वायाच जात नाही," ती म्हणाली आणि तिनं कागदावर काढून दाखवलं. संगणक आधी तुमच्या पहिल्या पसंतीकडे जातो. तिथं जागा असली, किंवा तिथं तात्पुरत्या धरलेल्या एखाद्यापेक्षा हॉस्पिटलाला तुम्ही अधिक पसंत असलात, तर तुम्हाला तात्पुरतं धरून ठेवतो. नाहीतर तुमच्या दुसऱ्या पसंतीकडे वळतो. पहिल्यानं नाकारलं म्हणून दुसऱ्याकडचा तुमचा हक्क कमी होत नाही. तुम्ही त्यांना कितवं लिहिलंय हे हॉस्पिटलाला बघायलाही मिळत नाही. म्हणून यादी मनात असेल तशीच लिहावी. मात्र जिथं जायचंच नाही ते नाव घालू नये, कारण जोडी लागली की ती बंधनकारक असते.

मी वरमलो. गेल आणि शॅप्ली या दोघांनी १९६२ साली ही रीत मांडली, तीही लग्नं जुळवण्याचं उदाहरण घेऊन. रॉथ आणि पेरान्सन यांनी याच विचारावर सुधारून दिलेली पद्धत रेसिडेन्सीसाठी १९९८पासून वापरतात. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा वर्गात मीच त्यावर व्याख्यान दिलं होतं! घरचा प्रश्न आला तेव्हा मात्र नोबेल विसरून मी स्थळं बघायला बसलो.

१७ मार्चच्या संध्याकाळी 'मॅच झालं' एवढंच कळलं. कुठं ते २१ मार्चच्या रात्री. विद्यापीठाचं हॉस्पिटल नाही मिळालं, पण तिसऱ्या पसंतीचं मिळालं. माझ्या सल्ल्यातलं हॉस्पिटल तिच्या यादीत पाचवं होतं. ते पहिलं लिहिलं असतं तर बहुधा तेच गळ्यात पडलं असतं आणि मीच 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' म्हणून मिरवलो असतो.

पण त्याच सोमवारी तो सर्जरीवाला मुलगा रिकाम्या हातानं राहिला. त्या वर्षी तिथल्या एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातल्या १०० विद्यार्थ्यांपैकी ९३-९४ जणांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या परदेशी डॉक्टरांत मात्र १००पैकी ५८ जणांनाच. उरलेली ४२ मुलंही कुणाची तरी भाचरंच. तेव्हा कर्ज काढून अर्ज भरण्याआधी या ४२ जणांचा विचार घरात मोकळेपणानं व्हावा. मॅच नाही झालं तर पुढं काय, इथली नीट पीजी की पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न, हे आधीच ठरलेलं असावं.

आता ओळखीतली मुलं सल्ला विचारायला येतात तेव्हा 'किती पडले?' हा प्रश्न मी दुसरा ठेवतो. पहिला विचारतो, "तुला कुठं जावंसं वाटतं?" बऱ्याच मुलांना याचं उत्तर चटकन देता येत नाही. घरात हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.