अटी वाचून दाखवा

मळवली स्टेशनवर उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गावाची वाट लागते. गेल्या महिन्यात त्या वाटेवर एका आजींची गाठ पडली. पिशवीत पासबुक आणि चार घड्या घातलेला कागद. ‘डबल होणारी एफडी’ म्हणून घेतलेली ती विमा पॉलिसी होती, आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरायची वेळ आली होती. “साहेबांनी दाखवलं तिथं अंगठा उठवला,” एवढंच त्या म्हणाल्या.

ते बँकेतले साहेब पंचविशीतले असणार. दोन-तीन वर्षं अभ्यासिकेत बसून आयबीपीएसची पूर्व, मुख्य परीक्षा आणि मुलाखत पार केलेले. शाखेत आल्यावर रोज सकाळी त्यांना एकच प्रश्न विचारला जातो: आज किती पॉलिसी? परिविक्षेची दोन वर्षं माणूस घडण्याची. त्या काळात त्याला हे विचारणारे आपणच आहोत, शाखाधिकारी आणि विभागीय कार्यालयातले लोक. चूक त्या पोराच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही.

ठेव कशी घ्यावी याचा एक जुना दाखला त्या वाटेवर आठवतो. भाजे लेण्यांसमोर, खोऱ्यापलीकडे कार्ले आहे. तिथल्या शिलालेखात गाव दान दिल्याची नोंद असलेल्या उषवदात नावाच्या दात्याचा दुसरा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले: दोन हजार महिना शेकडा एक दराने, एक हजार पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहा, चोख बसतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची नोंद: हे सारं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर लिहून ठेवलं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ठेव घेताना अटी चारचौघांत ऐकवल्या जात होत्या.

आज बँकेत मार्च २०२४ च्या बाराव्या द्विपक्षीय वेतन करारानंतर ‘क्लार्क’ जाऊन ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ हे नाव आलं. नाव चांगलं आहे. पण या पदासाठी स्थानिक भाषा यावी लागते, आणि पीओ, म्हणजे परिविक्षाधीन अधिकारी, मात्र देशात कुठूनही मावळात येतो. त्याला मराठी शिकवायचं काम शाखेचंच आहे. जेएआयआयबी या बँकिंग परीक्षेची पुस्तकं तो रात्री वाचेल. पीक कर्जाच्या अर्जावर सातबारा कसा पाहायचा, इतर हक्कांत बोजा कुठे नोंदलेला असतो, हे त्याला शेजारी बसवूनच दाखवावं लागतं.

म्हणून शाखाधिकाऱ्यांकडे एक मागणं. नव्या अधिकाऱ्याला पहिले सहा महिने विम्याचं टार्गेट देऊ नका. काउंटरवर बसवा, गावात पाठवा. आणि सही किंवा अंगठा घेण्याआधी हप्ता किती, किती वर्षं, मध्येच सोडला तर हाती काय येईल, हे त्याने ग्राहकाला मराठीत मोठ्याने वाचून दाखवावं. पहिल्या काही वेळा तुम्ही शेजारी बसा.