कुंपणातला मोगली एरंड
कल्याणच्या मलंगगड रस्त्याला जुन्या कुंपणांतून एक झुडूप दिसतं: पंजाएवढी, पाच बोथट कोनांची पानं. देठ मोडला की पातळ चीक येतो. कोकणातली पोरं त्याचे फुगे उडवतात. हा मोगली एरंड, कुठे चंद्रज्योत. मूळचा मध्य अमेरिकेचा. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला आला, आणि २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी त्याची शिफारस केल्यावर तर त्याचे लाडच झाले. फळ वाळलं की आत काळ्या बिया, सोलल्या तर पांढरा गर, चवीला शेंगदाण्यासारखा. घात इथेच होतो. कडू असता तर मुलांनी थुंकला असता. शाळकरी मुलांना या बियांनी विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. घशात जळजळ, मग उलट्या, जुलाब. अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. यावर नेमका उतारा नाही, सलाईन आणि देखरेख हाच उपचार. तेव्हा घरी मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. जाताना झाडाची फांदी आणि उरलेल्या बिया पिशवीत टाकून न्या. मोगली एरंड, गुंज की धोतरा, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळलं पाहिजे. तिन्हींची विषं वेगळी आहेत.