लसीनंतरचा ताप आणि बाजाराची घाई

लस टोचल्यानंतर काही जनावरांस ताप येतो, टोचल्या जागी गाठ धरते आणि दोन-तीन दिवस दूध कमी होते, हा अनुभव कोल्हापूर जिल्ह्यातील पशुपालकांस नवा नाही. लाळ-खुरकुताच्या लसीकरणाची फेरी गावात आली म्हणजे काही गोठ्यांतून नकार येतो, तो याच अनुभवामुळे. ज्याचा घरखर्च दूध संघाच्या बिलावर चालतो, त्याने घटलेल्या दुधाचा विचार करावा, यात अडाणीपणा मुळीच नाही. परंतु या तापाचा अर्थ मात्र फार चुकीचा लावला जातो. लसीमुळे जनावर आजारी पडले असे समजून ताप तात्काळ दडपण्याची जी घाई होते, ती जनावराच्या मुळावर येऊ शकते.

हा ताप लस स्वतः आणीत नाही. तो जनावराचे शरीर आणते. परका जंतू किंवा त्याचा निर्जीव अंश शरीरात शिरला म्हणजे तेथील पेशी काही सूक्ष्म प्रथिने रक्तात सोडतात. शास्त्रज्ञ त्यांस सायटोकाइन म्हणतात. मराठीत संदेशवाही प्रथिने म्हणता येईल. गावात चोर शिरल्याची हाक एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जावी, तसे त्यांचे काम चालते. त्यांतील काही प्रथिने मेंदूस संदेश देऊन शरीराचे तापमान वाढवितात व भूक मंद करतात. काही पांढऱ्या पेशींस टोचल्या जागी बोलावितात. गाठ धरते ती त्यामुळे. काही तर पुढील लढ्यासाठी प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या पेशींस जागे करतात. वैरण कमी खाल्ली आणि शरीराची शक्ती या कामी लागली, म्हणजे दूध घटणारच.

या प्रथिनांपैकी इंटरफेरॉन हे १९५७ साली लंडन येथे आयझॅक्स व लिंडेनमन या दोघा संशोधकांस सापडले. उष्णतेने निष्प्रभ केलेले इन्फ्लुएन्झाचे विषाणू त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर ठेवले. त्या पडद्यातून जो द्रव बाहेर आला, त्याने दुसऱ्या ताज्या पडद्याचे जिवंत विषाणूपासून रक्षण केले. मेलेल्या विषाणूनेही शरीर सावध होते, ही गोष्ट त्या साध्या प्रयोगात दिसून आली.

हीच प्रथिने अमर्याद वाढली तर मात्र ती घातक ठरतात. निद्रारोगाच्या कुळातील जंतूंनी ग्रासलेले जनावर हाडांचा सापळा होते. आपल्याकडील सर्रा रोगाचे जंतू याच कुळातले. रक्तात जंतू फारसे नसतानाही जनावर इतके का खंगते, याचा शोध घेताना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांस एक प्रथिन मिळाले. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या नावाने आधीच ठाऊक असलेले संदेशवाही प्रथिन ते हेच, असे १९८५ साली सिद्ध झाले. म्हणजे जनावर खंगत होते ते केवळ जंतूमुळे नव्हे, तर न थांबलेल्या हाकेमुळे. माणसांत हा प्रकार करोनाच्या साथीत घरोघर कळला. २०२१ साली महाराष्ट्रात ज्या टोसिलिझुमॅब औषधासाठी नातेवाईक वणवण फिरले, ते इंटरल्युकिन-६ या प्रथिनाचा संदेश अडविणारे औषध होते.

त्याच साथीतला दुसरा धडा पशुपालकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड प्राणवायूची गरज लागलेल्या रुग्णांस जीवदान देते, असे २०२० साली इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत दिसले. पण ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती, त्यांस त्याचा लाभ झाला नाही. हे औषध शरीरातील हाकाटी बंद करते. हाक अनावर झाली असेल तेथे ते तारते. हाक नुकतीच उठली असेल तेथे ते राखणदारालाच झोपवते. लसीनंतरच्या साध्या तापावर हेच इंजेक्शन एखाद्या अप्रशिक्षित माणसाकडून टोचून घेतले, तर गाय दुसऱ्या दिवशी वैरण खाऊ लागेल हे खरे. पण लसीचे काम अर्धवट राहण्याचा धोका त्यात आहे. शिवाय गाय शेवटच्या महिन्यांत गाभण असेल, तर या औषधाने ती अकाली विते. तापाने जनावर अगदीच गळाले, दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा श्वास जड झाला, तर पशुवैद्यकास बोलवावे. औषध कोणते द्यावयाचे ते त्यांनी ठरवावे.

हिशेबही करून पाहावा. दहा लिटर देणाऱ्या गाईचे दोन लिटर दूध तीन दिवस घटले असे धरले, तर नुकसान सहा लिटरचे. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ राज्यभर पसरली, तेव्हा मृत दुधाळ गाईमागे शासनाने ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलामागे २५,००० व वासरामागे १६,००० रुपये साहाय्य दिले. चांगली दुभती गाय त्या रकमेत परत दावणीला येत नाही, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागणार नाही. त्या सप्टेंबरात राज्यातील जनावरांचे बाजार बंद करावे लागले. ज्यांस औताचा बैल विकून पेरणीची सोय करावयाची होती, त्यांचे व्यवहार अडले ते वेगळेच.

पेठ वडगावच्या बाजाराचा विचार येथे अगत्याचा आहे. अनेक गावांची जनावरे तेथे एका दिवसात एकत्र येतात आणि संध्याकाळी निराळ्याच गोठ्यांत जातात. लम्पीच्या लसीचे संरक्षण पुरते उभे राहण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. काल लस टोचली म्हणून आज जनावर बाजारात उभे करणे, किंवा तापलेल्या जनावरास सुई टोचून तरतरीत दाखविणे, हा घेणाऱ्याचा घात होय. माश्या, डास व गोचिडी लम्पीचा विषाणू वाहून नेतात. त्यांस पावती लागत नाही.

दोष सर्वस्वी शेतकऱ्यावर टाकून मात्र चालणार नाही. लस टोचणारा कर्मचारी ताप येईल हे आधी सांगत नाही, कारण सांगितले तर नकार मिळेल अशी त्यास भीती असते. मग ताप आला की शेतकऱ्यास फसविल्यासारखे वाटते आणि पुढच्या फेरीस गोठा बंद राहतो. सुई काढण्यापूर्वी ताप, गाठ व घटणारे दूध यांविषयी दोन वाक्ये बोलावीत, तिसऱ्या दिवशी गोठ्यावर एक चक्कर टाकावी, आणि कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासह लसीची तारीख मालकास लिहून द्यावी. वडगावच्या बाजारात दात व कास पाहणाऱ्या खरेदीदाराने ती चिठ्ठीही मागावी.