दामाशेटींचे ताट

हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला जाणारा यात्रेकरू संत नामदेवांपुढे हात जोडतो. त्यांच्या वडिलांची, दामाशेटींची, आठवण किती जणांना होते? नैवेद्याची कथा तर घरोघर ठाऊक आहे. दामाशेटी परगावी निघाले आणि विठ्ठलाच्या नैवेद्याचे ताट त्यांनी पोराच्या हाती दिले. पोराने हट्ट धरला, देव जेवला! आपण देवाचे कौतुक करतो, पोराचे करतो. आपली नित्याची सेवा एवढ्याशा मुलावर विश्वासाने सोपवणारा तो शिंपी मात्र विसरतो.

आपल्या वाङ्मयाची रीतच ही. विठ्ठलाचीदेखील आपण ‘माउली’ केली! साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आईसाठी सारा महाराष्ट्र रडला. कर्जाने पिचलेले श्यामचे वडील कडेलाच राहिले.

मला वाटते, आईची माया बोलते, म्हणून ती पुस्तकात उतरते. बापाची माया कामे सांगते. या दिवाळीत वडिलांनी एखादे काम सांगितले, तर कुरकुरण्यापूर्वी क्षणभर थांबावे. न जाणो, तेही नैवेद्याचेच ताट असेल!