मधल्या षटकांतलं दळण

आमच्या सांगलीच्या घरात वन-डे सामन्याचे तीन भाग असत. सुरुवात, शेवट आणि दळण. सुरुवातीला चेंडू नवा, गोलंदाज ताजातवाना, म्हणून आईसुद्धा हातातलं काम टाकून दारात उभी राहायची. शेवटच्या दहा षटकांना शेजारच्या वाड्यातली माणसं येऊन आमच्या सतरंजीवर बसायची. मधली वीस-पंचवीस षटकं मात्र आईच्या हिशेबी फुकट जात. "एकेक धाव तर काढतायत. आता काही होत नाही. ऊठ, गिरणीत डबा ठेवलाय, घेऊन ये."

5 नोव्हेंबर 1987 ला मी असाच डबा आणायला गेलो होतो. वानखेडेवर विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर इंग्लंड. निघालो तेव्हा ग्रॅहम गूच गुडघा टेकून मनिंदरसिंगला स्वीप मारत होता. गिरणीत रांग होती. डबा खांद्यावर घेऊन परत आलो तरी गूच स्वीपच मारत होता, आता फक्त गोलंदाज शास्त्री होता. अण्णा म्हणाले, "अंगण झाडायला घेतल्यासारखा झाडतोय लेकाचा." भारताकडे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज आहेत हे हेरून त्याने सामन्याआधी नेटमध्ये हाच एक फटका घोटून ठेवला होता, हे मी पुष्कळ पुढे वाचलं. गूच 115, कर्णधार गॅटिंग 56, आणि भारत 35 धावांनी हरला. गावसकर चार धावांवर त्रिफळाचीत झाला आणि तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला, म्हणून लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. सामना मात्र मी गिरणीच्या रांगेत उभा असताना हातचा गेला होता.

तेव्हापासून मला मधल्या षटकांचा नाद लागला. लोक ज्या वेळी उठून चहा टाकायला जातात, त्या वेळी मी खुर्ची पुढे ओढतो. आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत क्रिकेट चालवणाऱ्यांनी जे जे केलं, त्यातलं निम्मं तरी मला हीच षटकं कापण्याचा खटाटोप वाटतो.

वन-डेचा जन्मच मुळात वाया गेलेल्या वेळातून झाला. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यातली मेलबर्नची कसोटी पावसाने पहिले तीन दिवस धुऊन काढली. गल्ला बुडाला, लोक वैतागले. मग 5 जानेवारी 1971 ला दोन्ही संघांना आठ चेंडूंच्या षटकांची चाळीस-चाळीस षटकं देऊन एक दिवसाचा सामना लावला. कसोटीचे जाणकार नाकं मुरडत असतील, पण मैदानावर सुमारे 46 हजार माणसं आली. चार वर्षांनी पुरुषांचा पहिला विश्वचषक. लॉर्ड्सवर इंग्लंडने 334 केल्या आणि गावसकरने साठ षटकं खेळून, 174 चेंडूंत नाबाद 36. आताची पोरं तो आकडा फोनवर काढतात आणि एकमेकांना दाखवून हसतात. मीही हसतो. फक्त त्यांना एवढं सांगतो की त्याच लॉर्ड्सवर आठ वर्षांनी आपण 183 धावांच्या बळावर वेस्ट इंडिजला अडवून विश्वचषक जिंकला. तेही साठ षटकांत, पांढऱ्या कपड्यांत, लाल चेंडूने, मध्ये जेवणाची सुट्टी घेऊन. आज 183 धावा वीस षटकांत झाल्या तरी कोणी मान वर करत नाही.

बाकीचं सगळं वाचकांना ठाऊक आहे. 1977 मध्ये केरी पॅकरने खेळाडू फोडले आणि प्रकाशझोत, रंगीत कपडे, पांढरा चेंडू आणला. 1987 चा विश्वचषक आपल्याकडे आला, आणि आपला दिवस इंग्लंडच्या उन्हाळ्यापेक्षा लहान म्हणून साठाची पन्नास षटकं झाली. 1992 ला पहिल्या पंधरा षटकांत रिंगणाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवायचा नियम विश्वचषकात आला आणि 1996 ला जयसूर्या-कालुवितरणाने त्या नियमाची पुरती वसुली केली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सुरुवातही झणझणीत, शेवटही झणझणीत, मधे मात्र वरणभात. तिथून दुरुस्त्या सुरू झाल्या. 2005 मध्ये पॉवरप्लेचे तुकडे केले. बदली खेळाडूला फलंदाजी-गोलंदाजी करू देणारा 'सुपर-सब' आणला आणि काही महिन्यांत गुंडाळला. डावच पंचवीस-पंचवीस षटकांत विभागा, अशी सूचना 2009 मध्ये खुद्द तेंडुलकरने केली. ऑस्ट्रेलियाने देशांतर्गत स्पर्धेत तसला विभागलेला डाव खेळूनही पाहिला, पण तो टिकला नाही.

खरा घाव 2011 च्या ऑक्टोबरात बसला. त्या महिन्यापासून दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा चेंडू आला. कागदावर नियम निरुपद्रवी दिसतो. पण त्याचा अर्थ असा की पन्नास षटकं संपली तरी कुठलाही चेंडू पंचवीस षटकांपेक्षा जुना होत नाही. टणकच राहतो, बॅटवरून सुटतोही छान. पस्तिसाव्या षटकानंतर खरबरीत झालेल्या चेंडूचा रिव्हर्स स्विंग, ज्यावर वसीम-वकार जगले, तो या खेळातून जवळजवळ हद्दपार झाला. बोटांनी चेंडू फिरवणाऱ्याचे हाल झाले ते निराळेच. पुढच्या वर्षी मधल्या षटकांत रिंगणाबाहेर पाचऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवायचं ठरलं. एकेक धाव अडवून फलंदाजाला चुकीच्या फटक्याकडे ढकलायचा ऑफस्पिनरचा जुना धंदा त्याने बसला. 2014 मध्ये ईडनवर रोहित शर्माने एकट्याने 264 केल्या. मी टाळ्या वाजवल्याच, पण पुढे किती वेळ मनात येत राहिलं की बिचाऱ्या श्रीलंकेच्या हातात नेमकं काय होतं?

2025 च्या जुलैपासून नियम पुन्हा फिरवला. आता 34 षटकांनंतर दोन चेंडूंतला एक बाजूला जातो आणि उरलेला दोन्ही टोकांकडून वापरायचा. चौदा वर्षांचा वनवास संपवून जुना चेंडू अयोध्येत आला म्हणायचा, पण तोही त्या वेळी सतराच षटकं झिजलेला असतो.

मधल्या षटकांत कसब काय लागतं, ते सांगायला मला मायकेल बेव्हन पुरतो. 1 जानेवारी 1996, सिडनी, समोर वेस्ट इंडिज. शेवटच्या चेंडूवर मारलेला त्याचा चौकार आजही सगळीकडे दाखवतात. त्याआधी 173 चा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया 6 बाद 38 होती, आणि तिथून हा माणूस शेपटाला हाताशी धरून तासन्‌तास धावत होता, हे दाखवायला वेळ कोणाकडे आहे? आपल्या 2011 च्या विश्वचषक अंतिम सामन्याचंही तसंच. धोनीचा षटकार भिंतीवर टांगला गेला. तेंडुलकर बाद झाला तेव्हा 2 बाद 31 होत्या आणि वानखेडेवर स्मशानशांतता होती. तिथून गंभीरने आधी कोहलीबरोबर 83 आणि मग धोनीबरोबर 109 धावा जोडल्या आणि चिखलाने माखलेल्या जर्सीनिशी 97 वर बाद झाला. शतक झालं असतं तर कदाचित त्याचंही छायाचित्र भिंतीवर गेलं असतं.

19 नोव्हेंबर 2023 ची अहमदाबादची संध्याकाळ, विश्वचषकाचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा अंतिम सामना, अजून अनेकांच्या घशाखाली उतरलेली नाही. दहा षटकांत आपण 80 केल्या होत्या. पुढच्या चाळीस षटकांत 160. राहुलने 107 चेंडू खेळून 66 केल्या, त्यात चौकार एकच. त्या रात्री सगळे खेळपट्टीला शिव्या देत होते. माझं मत वेगळं आहे. आपली फलंदाजी आता दोनच वेगांत चालते, सुसाट किंवा ठप्प. मधला गिअर टी-ट्वेंटीत लागत नाही, म्हणून तो गंजला. पलीकडे 3 बाद 47 वरून लाबुशेनने 110 चेंडूंत 58 केल्या. म्हणजे तोही संथच. पण त्याने एकेक धाव काढून हेडला पुन्हापुन्हा समोर आणलं, आणि हेडने 137 केल्या. आमचे अण्णा असते तर त्यांनी लाबुशेनलाच सामनावीर दिला असता.

कसोटीची काळजी करणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्यही आहे. 2024 च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेने घरची टी-ट्वेंटी लीग महत्त्वाची मानून न्यूझीलंडला कसोटीसाठी दुसऱ्या फळीचा संघ धाडला, कर्णधारच कसोटी पदार्पण करणारा. गंमत अशी की 2025 च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटीचं जगज्जेतेपद जिंकलं तेही याच देशाने. आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडविरुद्धच्या आपल्या पाचही कसोटी पाचव्या दिवसापर्यंत गेल्या. ओव्हलला निखळलेला खांदा झोळीत घालून वोक्स एका हाताने खेळायला उतरला आणि आपण सहा धावांनी जिंकलो. असं काही पाहिल्यावर माणसं कसोटीसाठी गहिवरतात, लेख लिहितात, सह्यांच्या मोहिमा काढतात. टी-ट्वेंटीला तर कोणाच्या गहिवराची गरजच नाही. 2005 मध्ये ऑकलंडला पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तेव्हा न्यूझीलंडवाले गंमत म्हणून जुन्या काळचे कपडे घालून आले होते. आज आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत 48,390 कोटी रुपये आहे आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट जातंय ते याच रूपात.

मधल्या मधे वन-डे. थोरल्याला मान, धाकट्याचे लाड, आणि मधल्याला थोरल्याचे सदरे. 2022 मध्ये बेन स्टोक्सने तिन्ही प्रकार झेपत नाहीत म्हणून सोडायला निवडली ती वन-डेच, मग 2023 च्या विश्वचषकापुरता तो परत आला. आपल्याकडे उलटं झालं. रोहित आणि विराटने 2024 चा विश्वचषक जिंकून आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सोडली, 2025 च्या मे महिन्यात आठवडाभरात कसोटीही सोडली, आणि उरली वन-डे. निवृत्तीनंतरची फावल्या वेळातली नोकरी असावी तशी.

आपल्या देशांतर्गत वन-डे स्पर्धेला नाव आहे विजय हजाऱ्यांचं. जन्म सांगलीचा, 1915 चा, म्हणून आम्हाला त्यांचं जरा जास्तच. बडोद्याकडून 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमदबरोबर 577 धावांची भागीदारी केली होती. त्यांच्या काळात आंतरराष्ट्रीय वन-डे जन्मालाही आली नव्हती. त्यांच्या नावाने पन्नास षटकांची स्पर्धा भरवताना मंडळाच्या मनात काय होतं कोण जाणे, पण मला ते नाव चपखल वाटतं. 577 म्हणजे मधलीच षटकं की, नुसती लांबलेली.

2025 च्या दिवाळीनंतर मी आईकडे सांगलीला राहिलो होतो. 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. ऑस्ट्रेलियाने 338 केल्या होत्या. महिलांच्या वन-डेत एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कोणी केलेला नव्हता. शेफाली लवकर गेली. मग स्मृती मानधना 24 वर बाद झाली आणि आईने पदर तोंडाला लावला. स्मृती सांगलीची, म्हणजे आईच्या दृष्टीने घरातली. "आपली पोर गेली. आता काय बघायचं?" 2 बाद 59.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127, हरमनप्रीत 89, तिसऱ्या विकेटसाठी 167, आणि नऊ चेंडू राखून विजय. तीन दिवसांनी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषकही आला. पुरुषांच्या बाजारात ज्या खेळाला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणतात, त्याच पन्नास षटकांनी या मुलींना घराघरांत नेलं. जेमिमाच्या त्या 127 मध्ये 14 चौकार होते आणि षटकार एकही नव्हता. बाकीच्या धावा तिने पळून काढल्या. शेवटी तिला उभं राहवत नव्हतं.

पण मला सांगायचंय ते तिशीतल्या कुठल्याशा षटकाचं. माझी लेक फोन चाळत बसली होती. तिने वर पाहिलं, धावफलक वाचला आणि उठली. "बाबा, आता काही होत नाही. मी कॉफी करून आणते."

मी काही बोलायच्या आत आईने तिचा हात धरला. "बस खाली," आई म्हणाली. "कॉफी नंतर."

टीव्हीवर एकेक धाव निघत होती.