घरचें भांडार आणि वेगळी प्रत

आमच्या दिवाणखान्यांत, दूरचित्रवाणीच्या पडद्याखालीं, जेथें पूर्वीं वर्तमानपत्रांची रद्दी सांठत असे, तेथें हल्लीं एक जुना संगणक ठेविला आहे. घरांतील लग्नामुंजींचे चलच्चित्रपट, मुलांचीं छायाचित्रें, कॅसेटींवरून उतरवून घेतलेलीं गाणीं व कीर्तनें हें सर्व त्याच्या पोटांत आहे. बाहेरच्या खोलींतील मोठा पडदा, स्वयंपाकघरांतील फोन, माडीवरील टॅब्लेट, ज्यास जें पाहिजे असेल तें तो तेथें पोहोंचवितो. ही व्यवस्था कशी केली असें येणारा-जाणारा आम्हांस विचारतो. आज ती सांगावयाची आहे; पण त्याबरोबर आमच्या हातून घडलेली एक चूकहि सांगावयाची आहे, आणि खरें पाहतां या लेखाचें प्रयोजन तीच आहे.

प्रथम व्यवस्था. यासाठीं नवें यंत्र घ्यावें लागत नाहीं. पुतण्यानें अडगळींत टाकलेला संगणक आम्हांस पुरला. ज्यांच्याकडे तसा नसेल त्यांच्यासाठीं रास्पबेरी पाय नांवाचा तळहाताएवढा संगणक २०१२ पासून मिळूं लागला आहे. संगणकास दोन टेराबाइटची हार्ड डिस्क जोडली व त्यावर जेलीफिन हें सॉफ्टवेअर बसविलें. हें २०१८ सालीं निघालें असून विनामूल्य आहे. तें सर्व फाइलींची नीट सूची करतें आणि घरांतील एखाद्या पडद्यानें मागणी करतांच ती फाइल थोडी थोडी करून पाठवूं लागतें. पूर्ण फाइल आधीं उतरवून घेण्याची वाट पाहावी लागत नाहीं. रहाटाचा एक पोहरा रिता होतो तों दुसरा भरून वर येतो, तसाच हा प्रकार. यासच स्ट्रीमिंग म्हणतात. हा प्रवाह घरांतल्या घरांतच वाहत असल्यामुळें त्यापायीं इंटरनेट खर्ची पडत नाहीं.

दोन अडचणी मात्र आल्या. आमच्या सदाशिव पेठेंतील जुन्या घराच्या भिंती हातभर जाड. वायफाय त्यांतून पलीकडे जाईना. तेव्हां संगणक व राऊटर यांच्यामध्यें सरळ तार ओढली. दुसरी अडचण अशी कीं, फाइलीचा प्रकार पडद्यास समजत नसेल, तर संगणकास चित्र दाखवितां दाखवितांच त्याचें रूपांतर करीत बसावें लागतें, आणि जुन्या यंत्रास त्यांत धाप लागते. म्हणून बहुतेक चित्रपट आधींच एच.२६४ या सर्वमान्य स्वरूपांत करून ठेविले. वीज अचानक गेल्यास डिस्क बिघडूं नये यासाठीं लहानसा यूपीएसहि जोडला.

खरें कष्टाचें काम पुढेंच होतें. तासाभराची कॅसेट उतरवून घेण्यास तासच लागतो. तेथें घाई उपयोगाची नाहीं. कॅसेट वाजविणाऱ्या यंत्रापासून संगणकापर्यंत तार जोडावयाची, ऑडॅसिटी हें विनामूल्य सॉफ्टवेअर सुरू करावयाचें आणि ऐकत बसावयाचें. आवाज न दाबतां सांठविला, तर एका तासास सुमारें ६०० मेगाबाइट लागतात. जागेचा लोभ न धरतां मूळ प्रत तशीच ठेवावी, हें आमचें मत आहे. सूनबाईंनीं प्रत्येक फाइलीस साल, प्रसंग व व्यक्ति या क्रमानें नांव दिलें. छायाचित्रांतील माणसें ओळखण्याचें काम थोरल्या वहिनींचें. रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर त्या पडद्यासमोर बसत व "या तुमच्या सासऱ्यांच्या आत्या," असें सांगत. ज्या फाइलीचें नांव ‘नवीन फोल्डर’ आहे, ती असून नसल्यासारखीच होय.

आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेंत व कन्या बंगळुरांत असते. त्यांच्याहि संगणकांवर हें भांडार असावें म्हणून सिंकथिंग नांवाचें सॉफ्टवेअर बसविलें. याचें काम समक्रमणाचें, म्हणजे सर्व ठिकाणच्या प्रति एकसारख्या राखण्याचें. बंगळुरास नातीच्या बारशाचें छायाचित्र फोल्डरांत पडलें कीं घटकाभरांत तें पुण्यास दिसूं लागे. आम्हांस फार धन्यता वाटली. चार ठिकाणीं चार प्रति झाल्या, आतां चिंता कसली, असें म्हणून बुरशी धरलेल्या सर्व कॅसेटी आम्हीं स्वतः भंगारवाल्यास दिल्या.

त्या कॅसेटींपैकीं तीन आमच्या मातोश्रींच्या होत्या. त्या १९८६ सालीं भरल्या. पहिल्या दोहोंत ओव्या व भूपाळ्या. तिसरींत श्रावणांतील शुक्रवारची कहाणी. नातवंडांस पुढें बसवून सांगितलेली ती कहाणी होती. मध्येंच त्या थांबतात, "दूध उतूं जातंय का बघ गं," असें म्हणतात आणि पुन्हां जेथें सोडलें तेथूनच सुरू करतात. मातोश्रींस जाऊन बरींच वर्षें झालीं. त्यांचा बोलतांनाचा आवाज तेवढ्या एकाच फितीवर होता.

गेल्या श्रावणांत शुक्रवारीं वहिनींनीं ती कहाणी लावावयास सांगितली. सूचींत ती नव्हती. ओव्याहि नव्हत्या, तें सर्व फोल्डरच नाहींसें झालें होतें. चौकशी करतां उलगडा झाला. नातवाचा फोन दोन महिन्यांपूर्वीं भरून गेला होता. जागा करण्यासाठीं त्यानें तें फोल्डर आपल्या फोनवरून पुसलें. "आबा, घरच्या मशीनमध्यें आहेच ना?" असें तो निरागसपणें म्हणाला. परंतु त्याचा फोनहि समक्रमणांत होता. सर्व प्रति एकसारख्या राखण्याची आज्ञा यंत्रास आम्हींच दिली होती. एका ठिकाणीं फाइल पुसली गेली, म्हणून यंत्रानें ती पुण्यास, बंगळुरास व अमेरिकेसहि पुसून टाकली. पुसलेल्या फाइली राखून ठेवण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्यें आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. आम्हीं ती केलेली नव्हती. डिस्कवर मधल्या काळांत पुष्कळ नवें लिहिलें गेल्यामुळें शोधूनहि कांहीं हातीं लागलें नाहीं.

कोथरूडास आमच्या भगिनी राहतात. त्यांनीं आदल्या दिवाळींत छायाचित्रें पाहण्यासाठीं एक डिस्क नेली होती व ती परत केली नव्हती. त्यांच्या आळसाबद्दल आम्ही त्यांस दोनदां बोललोंहि होतों. ती डिस्क कपाटांत तशीच पडून होती. तिच्यावर पहिल्या दोन कॅसेटी सुखरूप मिळाल्या. तिसरी आम्हीं दिवाळीनंतर उतरविली होती. ती गेली.

नातवास आम्ही रागें भरलों नाहीं. त्यानें एक नक्कल पुसली. मूळ वस्तु घराबाहेर काढली ती आम्हीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरी झाली. हें कार्य आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें अभिमानानें सांगत आलों. डॉ. वि. सी. सुखठणकर व त्यांचे सहकारी यांनीं काश्मीरपासून केरळापर्यंतच्या, शारदेपासून मल्याळमपर्यंत नानाविध लिपींतील पोथ्या पडताळून पाठ निश्चित केला. तें कशामुळें साधलें? एका गांवच्या लेखकानें श्लोक गाळला तरी दूरच्या गांवच्या पोथींत तो राहत असे, कारण त्या दोन पोथ्यांस जोडणारा दोरा नव्हता. त्या सर्व पोथ्या समक्रमणांत असत्या, तर एकाचा प्रमाद तत्काळ सर्वांचा झाला असता आणि मूळ काय होतें हें विचारण्यासहि जागा उरली नसती. हें जाणणाऱ्या शिक्षकानेंच एकाच पोथीच्या चार सांवल्यांस चार पोथ्या मानलें!

याच शहरांत आणखीहि एक धडा होता. प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारांत, जेथें आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तेथें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा सांठा होता. जानेवारी २००३ मध्यें त्यास आग लागली. नायट्रेटची फीत मुळांतच ज्वालाग्राही; त्या आगींत जुन्या चित्रपटांच्या कितीतरी फिती भस्म झाल्या. अशा वेळीं ज्या चित्रपटाची दुसरी प्रत अन्यत्र असेल, तोच तगतो. संग्रह केवढाहि मोठा असो, एका छताखालीं ठेवलेला संग्रह म्हणजे एकच प्रत.

तात्पर्य इतकेंच कीं, समक्रमण हें वांटण्याचें साधन आहे, राखण्याचें नव्हे. राखण्याचा नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केला आहे: प्रति तीन असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या जागीं असावी. आम्हीं त्यांत घरापुरती भर घातली आहे. फोनांस भांडार पाहतां येईल, पुसतां येणार नाहीं. पुसलेली फाइल यंत्रानें वर्षभर बाजूस राखावी. एक डिस्क कोथरूडास राहील. ती केवळ दसऱ्यास व गुढीपाडव्यास घरीं यावी, तिच्यावर नवें तेवढें चढवावें, चार फाइली उघडून पाहाव्या, व ती परत जावी. एरव्हीं तिचा कोणत्याहि यंत्राशीं संबंध नाहीं. आणि मूळ वस्तु, मग तिला बुरशी कां लागलेली असेना, टाकावयाची नाहीं.

श्रावणाच्या पुढच्या शुक्रवारीं वहिनींनीं स्वतः कहाणी सांगितली व आम्हीं ती ध्वनिमुद्रित केली. कहाणी तीच, आवाज अर्थात् मातोश्रींचा नव्हे. मात्र मध्यें एकदां वहिनी थांबल्या व त्यांनीं स्वयंपाकघराकडे पाहिलें. तो थांबा सूनबाईंनीं कापला नाहीं.

वाचकांच्या घरींहि अशी एखादी कॅसेट माळ्यावर असेल. ती या महिन्यांत उतरवून घ्यावी, एक प्रत बहिणीकडे ठेवावी, आणि तिनें ती परत केली नाहीं तर तिला बोलूं नये.