पुन्हा कुंचला हाती घेताना

बावीस वर्षांच्या खंडानंतर मी यंदा श्रावणात पुन्हा कुंचला हाती घेतला. नोकरी, प्रवास, संसार ही खंडाची कारणे सर्वांचीच असतात. ती विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. मातीच्या गणपतीस रंग देण्याची जी विद्या वडिलांनी मला दिली होती, ती परत मिळवू पाहता जी अडचण पुढे आली, ती मात्र माझ्या एकट्याची नव्हे. म्हणून हा लेखनप्रपंच.

चित्रकार आपल्या कलेकडे परततो तेव्हा त्याची जुनी चित्रे भिंतीवर त्याची वाट पाहत असतात. मूर्ती रंगविणाऱ्याचे उत्तम काम मात्र दीड दिवसाने पाण्यात जाते. वडिलांनी जन्मभर ज्या मूर्ती रंगविल्या, त्यांतील एकही आज नाही, आणि नसावी हाच धर्म. घरातील छायाचित्रे धुंडाळली, तर त्यांत हार, दूर्वा आणि नातलगच अधिक! बाप्पाचे डोळे कोठे दिसतील तर शपथ.

विचार करा. १८३४ सालापासून या बेटावर उतरलेल्या आपल्या पूर्वजांची नावे, गावे व जहाजे यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या २००६ सालापासून जागतिक वारसा म्हणून मान्य आहेत. परंतु ज्या हातांनी ऊस तोडला, त्याच हातांनी गणपतीच्या सोंडेवर कोणती वेलबुट्टी काढली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात उतरत आली. मधला एक हात थांबला, की संपले.

हात पुष्कळसे विसरत नाही, हा माझा अनुभव. माती सावलीत पुरती वाळू द्यावी, उन्हाची घाई करू नये, हे आपोआप आठवले. क्युरपीप-वाकोआच्या उंच भागातील झिमझिमीत तर यास फारच धीर लागतो. ओल आत राहिली की पुढे रंगाचे पापुद्रे सुटतात. भेगा पातळ मातीने बुजवून, घासून, प्रथम पांढरा हात. मग अंगाचा रंग, पीतांबर, शेला, अलंकार. रंग पातळच असावा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. येथवर सारे जमले. अडले ते आखणीपाशी. आखणी म्हणजे डोळे रेखणे. कोकणात पेणच्या कारखान्यांतही हे काम मुरलेल्या हातांकडेच असते. वडील पापणी किंचित खाली झुकलेली काढीत. पाहणाऱ्यास वाटे, देव आपल्याकडेच पाहतो आहे. किती झुकलेली? हे विचारावयास कोणी उरले नव्हते. तीन वेळा पुसले, चौथ्या वेळी डावा डोळा जरासा मोठा राहिला. तसाच ठेवला.

कोणी म्हणतील, तयार मूर्ती सुबक मिळते, आणि देव भावाचा भुकेला आहे. विकत आणलेल्या मूर्तीच्या पावित्र्याविषयी माझा वाद नाही. (प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, हा वाद निराळा, आणि तो माझ्याआधी पुष्कळांनी घातला आहे.) माझे म्हणणे इतकेच, की ज्यांनी कधी काळी घरी रंग दिला आहे त्यांनी, हात बिघडला या लाजेने, दूर राहू नये. आपली मुले क्रेओल सहज बोलतात, मराठी अडखळत. परंतु कुंचला कसा धरावा हे दाखविण्यास वाक्य लागत नाही.

मंडळास माझी एक सूचना आहे. श्रावणातले दोन रविवार सभागृह यासाठी उघडे ठेवावे, आणि दरवर्षी एक मूर्ती केवळ नमुना म्हणून रंगवावी. तिची प्राणप्रतिष्ठा करू नये, म्हणजे विसर्जनाचा प्रश्न येत नाही. ती काचेच्या कपाटात, वर्ष लिहून ठेवावी. शास्त्राच्या दृष्टीने यात काही वावगे असल्यास भटजींनी अवश्य सांगावे.

यंदाची मूर्ती पाहून माझ्या वृद्ध आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘दादा पापणी आधी काढायचा रे, बुबुळ मागाहून. तू उलटे केलेस.’’ पुढल्या वर्षी त्यांना शेजारी बसवूनच आखणी करणार आहे.